तिसरं शील आणि राखण नसलेल्या बायका

आमच्या धाराशिवकडे बौद्ध पद्धतीचं लग्न म्हटलं की चित्र ठरलेलं असतं. मंगल कार्यालयाच्या स्टेजवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, पुढे मेणबत्त्या, पांढऱ्या कपड्यांतले नवरा-नवरी आणि माईक हातात घेतलेले बौद्धाचार्य. ते पालीत एकेक ओळ म्हणतात, मागून सगळा हॉल म्हणतो. आधी त्रिशरण, मग पंचशील. अर्धे लोक मोबाईलवर शूटिंग करत असतात, मागे आचाऱ्याची घाई चालू असते. तिसरं शील येतं आणि निघून जातं. कोणी चुळबुळ करत नाही, कोणी हसत नाही. पाली असल्याचा हा एक फायदा. हीच ओळ मराठीत मोठ्याने म्हणायला सांगितली, तर निम्म्या हॉलची नजर खाली जाईल.

तिसरं शील म्हणजे ‘कामेसु मिच्छाचार’ यापासून दूर राहण्याचा नेम. शब्द नीट पाहिले तर ‘काम’ इथे अनेकवचनात आहे. म्हणजे सुखोपभोगांच्या बाबतीतलं चुकीचं वागणं. पण परंपरेने अर्थ घेतला तो लैंगिक संबंधांपुरता, आणि मराठीत आपण त्याला शब्द दिला ‘व्यभिचार’. गडबड इथून सुरू होते. व्यभिचारिणी हा शब्द आपल्या तोंडात सहज येतो. पुरुषासाठी तसा शब्द शोधावा लागतो. पुरुष बाहेरख्याली असतो, रंगेल असतो, फार तर ‘नादी लागलेला’ असतो, म्हणजे दोष पुन्हा जिच्या नादी लागला तिचाच. दोघांनी एका माईकवर, एका सुरात म्हटलेला नेम मराठीत उतरला की तो बाईच्या बाजूला कलतो.

हा कल नवा नाही. तो अडीच हजार वर्षांत कधी वाढला, कधी थोडा सरळ झाला, आणि त्या हिशेबात आपल्या जिल्ह्याचाही वाटा आहे. तेरच्या विटांपासून तुळजापूरच्या आराध्यांपर्यंत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. शील म्हणजे आज्ञा नव्हे. ‘हे करू नकोस, नाहीतर वरचा बघून घेईल’ असा त्याचा सूर नाही, कारण वर कोणी बसवलेलंच नाही. त्याला ‘सिक्खापद’ म्हणतात, शिकण्याचं पाऊल. माणूस ते स्वतःहून घेतो, मोडलं तर पुन्हा घेतो. भिक्षूंचं वेगळं. त्यांना ब्रह्मचर्य पूर्ण, आणि ते मोडलं तर संघातून कायमचं बाहेर. हा नियमही आधी लिहून ठेवलेला नव्हता. विनयपिटक सांगतं की सुदिन्न नावाच्या भिक्षूला त्याच्या आईने घराण्याला वारस हवा म्हणून गळ घातली, तो आपल्या पूर्वीच्या बायकोजवळ गेला, आणि मग नियम झाला. गृहस्थाला मात्र ब्रह्मचर्य सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं ते ‘मिच्छाचार’ टाळायला. मग मिच्छाचार नेमका कोणता?

पाली ग्रंथ उत्तर देतात ते यादीने. मज्झिमनिकायातल्या सालेय्यक सुत्तात ही यादी आहे. कोणत्या स्त्रियांशी संबंध ठेवला की मिच्छाचार होतो? जिची राखण आई करते ती. बाप करतो ती. दोघं करतात ती. भाऊ, बहीण, नातेवाईक, गोत, धम्म यांच्या राखणीतली. जिला नवरा आहे ती. जिच्याशी संबंध ठेवल्यास दंड ठरलेला आहे ती. आणि शेवटी, जिच्या गळ्यात कोणी वाग्दानाची माळ घातली आहे, तीसुद्धा.

पहिल्यांदा ही यादी वाचली तेव्हा मला ती जुन्या सात-बाऱ्यासारखी वाटली. प्रत्येक नावापुढे कब्जेदार. यात बाईला काय हवं आहे हा रकाना नाही. रकाना आहे तो ‘राखण कोणाची’ हा. तुम्ही चूक केली, तर ती राखणदाराची चूक केली.

यावर लगेच नाक मुरडायचं कारण नाही. त्या काळात ज्या मुलीला राखण होती तिला निदान कोणाच्या तरी नावाने संरक्षण होतं, आणि राखणदारांत आई आणि बहीण आहे, धम्मही आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. शिवाय आपण फार पुढे आलो आहोत असंही नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४९७ होतं. दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणं हा गुन्हा. नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नाही. बायकोला शिक्षा नव्हती, कारण कायद्याच्या लेखी ती चोरीला गेलेली वस्तू होती, आणि वस्तूला कोण शिक्षा करणार? आपल्या नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाबद्दल या कलमाखाली तक्रार करायची सोयही तिला नव्हती. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं ते २०१८ च्या सप्टेंबरात. म्हणजे आज कॉलेजात असलेला प्रत्येक जण राखणदाराच्या कायद्याखाली जन्मलेला आहे.

पण यादीचा खरा प्रश्न वेगळा आहे. जिची राखण करायला कोणीच नाही, तिचं काय?

*

तेरला जाऊन आलेल्यांना गोरोबाकाकांचं मंदिर आठवतं. तेरणाकाठच्या याच गावाचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’ या नोंदवहीत ते येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं फार मोठं शहर, जिथून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाते. याच गावात त्रिविक्रमाचं देऊळ आहे. विटांचं, मागची बाजू अर्धगोल असलेलं. हेन्री कझन्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पाहिलं आणि सांगितलं की हे मुळात बौद्ध चैत्यगृह आहे. पुढे उत्खननात इथे विटांचा स्तूपही सापडला. आज आत विष्णू उभा आहे, आणि भिंतींचा आकार अजून बुद्धाचा आहे.

गावातल्या लामतुरे संग्रहालयात मात्र थोडं थांबायला हवं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंमधून ते उभं राहिलं. तिथे मातीच्या इवल्या बायका आहेत, केशरचना अशी की आजच्या ब्यूटी पार्लरने हात टेकावेत. लज्जागौरी आहे, नग्न, पाय फाकवलेली, जननाची देवता. तेरलाच हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती मिळाली आहे, अंगावर दागिन्यांखेरीज फारसं काही नसलेली. तिची जवळची बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. पॉम्पेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये.

म्हणजे ज्या गावात स्तूप होता, त्याच काळातलं ते गाव शरीराला लाजत नव्हतं. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरही स्त्री-पुरुषांची जोडपी कोरलेली आहेत, एकमेकांच्या अंगाला अंग लावून, हसतमुख. बौद्ध नीती म्हणजे शरीराचा तिटकारा, हा समज या दगडमातीवर टिकत नाही. भिक्षूंच्या ग्रंथांत शरीराची किळस करायला शिकवणारी वर्णनं भरपूर आहेत, हे खरं. पण ती भिक्षूंसाठी. दान देणाऱ्या व्यापाऱ्याला, विणकराला आणि त्यांच्या घरच्यांना सांगायचं होतं ते वेगळं होतं.

ते काय, हे दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात आहे. सिगाल हा राजगृहाच्या एका गृहस्थाचा मुलगा, ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करणारा. बुद्ध त्याला म्हणतात की दिशा म्हणजे माणसं. पूर्व म्हणजे आईबाप, पश्चिम म्हणजे बायको. आणि मग नवऱ्याची पाच कर्तव्यं येतात. तिला मान द्यायचा, तिचा अपमान करायचा नाही, तिच्याशी एकनिष्ठ राहायचं, घरातला अधिकार तिच्या हाती द्यायचा, दागिने घ्यायचे. बायकोच्या पाच कर्तव्यांतही एकनिष्ठता आहे. दागिन्यांचं कलम वाचून हसू येतं, पण तिसऱ्या कलमाकडे पाहा. एकनिष्ठता इथे नवऱ्याचं बायकोप्रति असलेलं देणं आहे. तिच्या बापाप्रति नाही, भावाप्रति नाही. राखणदार मधून गायब झालेला आहे.

तगरच्या गाड्या भडोचला जाऊन परत यायला महिने लागत असतील. त्या वाटेवरच्या माणसाला हे सुत्त कोणी ऐकवलं असेल का, याचा पुरावा नाही. पण व्यापारी गावात कोणती नीती रुजली असती, याचा अंदाज बांधता येतो. पैसा हातात, घर दूर, अवेळी रस्त्यावर भटकणं, दारू, जुगार, वाईट संगत. सिगालाला दिलेल्या इशाऱ्यांत हे सगळं आहे.

थोडक्यात, जुन्या बौद्ध वाङ्मयात दोन सूर आहेत. एक राखणदाराचा, एक परस्परांचा. आणि दोन्ही सुरांना एक बाई सापडत नाही, जी कोणाची मुलगी म्हणून ओळखली जात नाही आणि कोणाची बायकोही नाही.

*

ती बाई ग्रंथांत आहे. वैशालीची आम्रपाली, म्हणजे पालीतली अंबपाली, नगराची गणिका. बुद्ध तिच्या आमराईत उतरले, तिने जेवणाचं निमंत्रण दिलं, त्यांनी ते स्वीकारलं. लिच्छवी सरदारांना हे कळलं तेव्हा त्यांनी तिला लाखाची रक्कम देऊ केली, हे जेवण आम्हाला दे म्हणून. तिने सांगितलं, सगळी वैशाली दिलीत तरी देणार नाही. सरदार बुद्धाकडे गेले. त्यांनी सांगितलं की मी अंबपालीला शब्द दिला आहे. जेवणानंतर तिने आमराई संघाला दान केली आणि ती घेतली गेली. हा पैसा कुठून आला, असं कोणी विचारलं नाही.

मला मात्र अंबपालीपेक्षा अड्ढकासीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती फार कोणी सांगत नाही. अड्ढकासी काशीची गणिका. तिचा एका रात्रीचा दर इतका की नावातच काशीच्या निम्म्या उत्पन्नाचा उल्लेख. ती भिक्षुणी झाली आणि पुढची दीक्षा बुद्धासमोर घ्यायला श्रावस्तीला निघणार, तोच कळलं की वाटेत गुंड टपून बसले आहेत. जुनी गिऱ्हाइकं असतील, किंवा गणिकेला कोण हात लावायला नाही म्हणणार अशा हिशेबाचे लोक असतील. तिने निरोप पाठवला, आता मी काय करू? उत्तर आलं नियमाच्या रूपात. दूतामार्फत दीक्षा देता येईल. आणि ती दिली गेली.

कोणी तिला सांगितलं नाही की आधी लग्न कर, मग ये. रस्ता धोक्याचा होता तर नियम वाकवला, बाईला वाकायला लावलं नाही. थेरीगाथेत तिच्या नावावर गाथा आहेत, अंबपालीच्याही आहेत, विमला नावाच्या आणखी एका गणिकेच्याही.

ही सोय संघात जाणाऱ्या बाईची होती, हे विसरू नये. गणिका राहून गावात राहणाऱ्या बाईबद्दल यादी गप्पच राहते. सुत्तनिपातातलं पराभव सुत्त वेश्येकडे जाणाऱ्या पुरुषाला अधःपाताच्या वाटेवरचा म्हणतं, पण त्याच्या अधःपाताची काळजी तिथे आहे, तिची नाही.

*

आता बैलगाडीचे रस्ते सोडून दीड हजारांहून जास्त वर्षं पुढे येऊ. गाव तेच, पण गावकुसाबाहेर महारवाडा आणि मांगवाडा उभा आहे. इथली बाई आईबापाच्या, भावाच्या, नवऱ्याच्या राखणीत आहे, पण या राखणदारांनाच गावात किंमत नाही. वतनाच्या कामाला वाड्यावर बोलावणं आलं की नाही म्हणता येत नाही. तुळजापूरच्या दक्षिणेला अक्कलकोट तालुका. तिथल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांनी ‘अक्करमाशी’ (१९८४) लिहिलं ते याच अनुभवातून. दलित आई, जमीनदार बाप, आणि बापाचं नाव लावू न शकणारा मुलगा. पुस्तकावर खूप चर्चा झाली. त्यात मिच्छाचार कोणी केला, हा साधा प्रश्न मात्र कमी विचारला गेला. गावाने तो आईलाच विचारला.

आणि मग देवाला सोडलेल्या मुली. खंडोबाच्या मुरळ्या, यल्लम्माच्या जोगतिणी. मुलीचं लग्न देवाशी लागलं की यादीच्या भाषेत तिला सगळ्यात मोठा राखणदार मिळाला. प्रत्यक्षात तिला कोणीच राहिला नाही. ‘देवाची’ म्हणजे सगळ्यांची, असा अर्थ गावाने लावला. मुलगेही सुटले नाहीत. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये थोरल्या मुलाला पोतराज म्हणून सोडण्याच्या चालीचं वर्णन आहे.

आराध्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. तुळजापूरला नवरात्रात गेलात तर दिसतील. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, संबळाच्या तालावर रात्रभर देवीची गाणी. आराधी होणाऱ्या बायका वेगवेगळ्या जातींच्या, बहुतेक संसारी. नवस म्हणून, परंपरा म्हणून त्या जोगवा मागतात. आराधी म्हणजे देह विकणारी बाई, असं समीकरण मांडणं चूक आहे आणि अपमानास्पदही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे एका सभेत या सगळ्या जणी एकाच नावाखाली जमलेल्या दिसतात.

ती सभा १६ जून १९३६ ची. मुंबईत परळचा दामोदर हॉल. जमलेले लोक म्हणजे वाघ्ये, पोतराज, देवदासी, जोगतिणी, आराधी आणि कामाठीपुऱ्यातल्या बायका. बोलायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

दिवस कोणते होते ते पाहा. हिंदू म्हणून मरणार नाही ही येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. मे १९३६ च्या अखेरीस मुंबईत महार परिषद भरली आणि तिने धर्मांतराला पाठिंबा दिला. त्यानंतर दोनच आठवड्यांत ही सभा. या बायकाही धर्मांतराच्या बाजूने आहेत हे सांगायला आलेल्या. आणि बाबासाहेबांनी त्यांचं कौतुक केलं नाही. ते कठोर बोलले. त्यांचा मथितार्थ असा, की तुम्ही आमच्याबरोबर धर्म बदला वा न बदला, त्याचं मला विशेष नाही. पण बरोबर यायचं असेल तर हे जिणं सोडावं लागेल. कामाठीपुऱ्यातल्या महार बायका समाजाला खाली मान घालायला लावतात. पोट कसं भरायचं हे मी सांगणार नाही, शेकडो वाटा आहेत. लग्न करा, इतर बायकांसारखा संसार करा.

मी हे भाषण बऱ्याचदा वाचलंय आणि दर वेळी अडखळलोय. ज्या माणसाने जातीच्या उतरंडीचा इतका बारीक हिशेब मांडला, त्याला ठाऊक नसेल की या बायका कामाठीपुऱ्यात हौसेने आल्या नव्हत्या? ठाऊक होतंच. त्याच भाषणात ते म्हणतात की ज्या परिस्थितीत राहिलं की वेश्याव्यवसायाकडे ओढलं जाणं अटळ असतं, त्या परिस्थितीत राहू नका. म्हणजे कारण परिस्थिती आहे हे मान्य. पण ओझं तिच्या डोक्यावर. समोर गिऱ्हाइकं बसवून त्यांना कोणी असं भाषण दिलं नाही.

माझ्यापुरतं मी त्याचं उत्तर असं लावतो. सवर्ण समाज ‘तुमच्या बायका’ म्हणून जे बोट दाखवत होता, ते बाबासाहेबांना मोडायचं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायकांना लुगडं नेसण्याची जातीची ओळख सांगणारी पद्धत सोडा, कथील-चांदीचे दागिने टाका, असं सांगितलं, तेही याच कारणाने. अंगावरची खूण पुसल्याशिवाय माणूस म्हणून कोणी बघणार नाही. बुद्धाला हे करावं लागलं नव्हतं. अड्ढकासीला आत घेतलं म्हणून शाक्य कुळाची अब्रू जात नव्हती. १९३६ मध्ये एका अख्ख्या समाजाची अब्रू दावणीला बांधलेली होती, आणि तिची दोरी नेहमीप्रमाणे बाईच्या हातात दिली गेली. कारण समजतं. किंमत कोणी मोजली, तेही समजतं. इतिहासकार शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) या पुस्तकात तमाशातल्या दलित बायकांच्या बाजूने हाच हिशेब सविस्तर मांडला आहे. अब्रूदार होण्याच्या वाटेवर ज्या मागे राहिल्या, त्यांच्या बाजूने.

आराधी या सभेत होत्या म्हणून तुळजापूरच्या सगळ्या आराध्यांवर शिक्का बसला असं नाही. पण मुंबईच्या हॉलमध्ये त्यांची गाणी, त्यांची देवी आणि दुसऱ्या बायकांची सक्ती हे एकाच पिशवीत गेलं खरं.

*

पाच वर्षांनी बाबासाहेब आमच्या जिल्ह्यात आले. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१, कसबे तडवळे. बार्शी लाईट रेल्वेच्या वाटेवरचं हे गाव. परिषद होती महार-मांग वतनदारांची. ते ज्या शाळेत मुक्कामाला होते तिची इमारत अजून लोक दाखवतात. चर्चा वतनाची होती, शीलाची नव्हती. तरी मला दामोदर हॉलच्या भाषणाचा राहिलेला भाग तडवळ्यात सापडतो. पोट कसं भरायचं हे मी सांगणार नाही, असं १९३६ मध्ये म्हणणारा माणूस इथे पोटाच्याच प्रश्नावर दोन दिवस बसला होता. गावाच्या चाकरीचं वतन हे नुसतं जमिनीचं प्रकरण नव्हतं. त्या चाकरीतच वाड्यावरचं बोलावणं होतं. ते तुटल्याशिवाय महारवाड्यातल्या बाईच्या राखणीला अर्थ नव्हता.

पुढच्याच वर्षी, जुलै १९४२ मध्ये, नागपूरच्या महिला परिषदेत त्यांचा सूर आणखी बदललेला दिसतो. हजारो दलित बायकांसमोर ते सांगतात की लग्न करणाऱ्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, त्याची दासी व्हायला नकार द्यावा. सिगालाला सांगितलेल्या पश्चिम दिशेच्या हे किती जवळ आहे. मग हिंदू कोड बिल आलं, एकपत्नीत्व, घटस्फोट आणि वारसाहक्क घेऊन. ते अडलं आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्याच बिलाच्या तुकड्यांतून झाला, आणि तो बौद्धांनाही लागू आहे. त्यामुळे पंचशील म्हणून लग्न लावलेल्या आणि नंतर दुसरी बायको केलेल्या माणसाने शीलही मोडलेलं असतं आणि कायदाही. आपल्याकडे असे लोक आहेत. विहाराच्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत बसलेलेही पाहिले आहेत.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपुरात दीक्षा, त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा. तो दसरा होता. दर दसऱ्याला तुळजापुरात देवीचं सीमोल्लंघन होतं, तेव्हा त्या दिवशी आमच्या जिल्ह्यातली बहुतेक माणसं पूर्वीच्याच वाटेवर असणार. जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. धर्म आणि राज्य दोन्ही अडीच आठवड्यांत बदलायला निघालेलं. पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत गावोगाव दीक्षेचे कार्यक्रम झाले, देव्हारे रिकामे झाले, मुलं देवाला सोडणं थांबवा असं वस्तीवस्तीत सांगितलं गेलं. कायद्याला याहून फार जास्त वेळ लागला. मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध १९३४ चा कायदा होता, पण तो निजामाच्या राज्याला लागू नव्हता. सध्याचा महाराष्ट्राचा देवदासी निर्मूलन कायदा २००५ चा आहे.

बावीस प्रतिज्ञांत चोरी, खोटं बोलणं आणि दारू यांच्याबरोबर व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. इथे यादी नाही. कोणाच्या राखणीतली, कोणाची बायको, कोणाची माळ, काही नाही. ‘मी’ आहे आणि क्रियापद आहे. जुन्या शीलातही ‘मी’ होता, उपासिकाही ते म्हणत होत्या. पण यादी करणाऱ्यांनी तो ‘मी’ पुरुष धरला होता आणि बाईला त्याच्या समोरची वस्तू. नागपूरच्या मैदानात लाखो बायकांनी तीच प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने घेतली. वतन नाकारलेल्या, मुरळी होणं नाकारलेल्या, आणि ज्यांना नाकारण्याची संधीच मिळाली नव्हती त्याही. राखणदार या वाक्यात बसत नाही. बाबासाहेबांचं म्हणणं होतं की इतर धर्मांत देवाला जी जागा आहे ती धम्मात नीतीला आहे. मग देवाशी लग्न लागलेली बाई आपोआप मोकळी होते. नवरदेवच उरत नाही.

शब्द मात्र ‘व्यभिचार’ राहिला, आणि त्या शब्दाचा कलही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका लग्नाला गेलो होतो. विधी लावायला एक बाई होत्या, साठीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका. पंचशील चालू झालं. पहिल्या दोन ओळींना हॉल दणाणला. तिसऱ्या ओळीला पुढच्या रांगांतून बायकांचा आवाज आला आणि उजवीकडून, जिथे नवऱ्या मुलाचे मित्र उभे होते, फारसं काही आलं नाही. बाईंनी माईक खाली घेतला. चष्म्यावरून त्या बाजूला पाहिलं, वर्गात पाहावं तसं.

“उजवीकडचा आवाज आला नाही,” त्या म्हणाल्या. “परत.”

पोरं हसली. मग म्हणाली. नवऱ्या मुलानेही म्हटलं, जरा मोठ्याने. बाईंनी मान हलवली आणि चौथं शील सांगायला घेतलं.